भूमीचं नाव घेतलं, पुढे काय?

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

कॅनडातल्या नाट्यसंस्था, नृत्यसंस्था, संग्रहालयं आणि कलादालनांमध्ये आता बरेच मराठी लोक आहेत. कुणी नोकरीत आहे, कुणी विश्वस्त आहे, कुणी स्वयंसेवक. ‘आदिवासींशी सलोख्याचं काम तुम्ही बघा’ हे बहुतेकदा त्यांच्यापैकीच कुणाच्या तरी गळ्यात पडतं. थोडी पार्श्वभूमी सांगतो. तिथल्या सरकारने आणि चर्चने मिळून दीड लाखांवर आदिवासी मुलांना घरापासून तोडून निवासी शाळांत घातलं होतं. शेवटच्या शाळा 1990च्या दशकात बंद झाल्या. सत्य आणि सलोखा आयोगाने 2015 मध्ये 94 आवाहनं जाहीर केली. त्यातलं 67वं संग्रहालयांच्या धोरणांची तपासणी करा असं सांगतं आणि 83वं आदिवासी व इतर कलावंतांच्या एकत्रित कामाला निधी द्या असं. या वेळचे सगळे प्रश्न त्याच अनुषंगाने आलेले आहेत.

आमच्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात या वर्षी सुरुवातीला ‘ही भूमी कोणाची’ हे सांगणारं निवेदन वाचायचं ठरलं आहे. टोरंटो महापालिकेचा मजकूर मिळाला आहे. तोच वाचला तर चालेल ना? आणि एखाद्या आदिवासी ज्येष्ठांना बोलवावं का? — वाचक, ब्रॅम्प्टन

टोरंटोचा मजकूर ब्रॅम्प्टनमध्ये वाचू नका. टोरंटो शहराची जमीन 1805च्या 13व्या करारातली आहे. ब्रॅम्प्टन येतं 1818च्या अजेटन्स करारात, म्हणजे 19व्या करारात. जमिनीचे हे दोन्ही करार मिसिसागाज ऑफ द क्रेडिट या आदिवासी राष्ट्राशी झाले, पण ते वेगळे आहेत आणि ऐकणाऱ्यांना फरक कळतो. व्हँकुव्हरला तर करारच झालेला नाही. तिथे मस्क्वियम, स्क्वॉमिश आणि त्स्लेल-वाउतुथ या तीन राष्ट्रांची न सोडलेली जमीन आहे, म्हणून तिथे ‘कराराची भूमी’ म्हणणं सरळसरळ चूक ठरतं. कॅल्गरी 1877च्या सातव्या करारात आहे.

निवेदन आणि स्वागत या दोन गोष्टी मात्र एकमेकींत मिसळू नका. निवेदन यजमान संस्थेने, म्हणजे तुम्हीच करायचं. आपण पाहुणे आहोत हे आपल्या तोंडाने सांगायचं असतं. स्वागत करण्याचा अधिकार फक्त त्या भूमीच्या राष्ट्राचा आहे. कॅनडात फर्स्ट नेशन्स म्हणवणारी आदिवासी राष्ट्रंच सहाशेहून अधिक आहेत, शिवाय उत्तर ध्रुवाकडचे इन्युइट आणि मिश्र वंशाचे मेटी. कुठल्याही आदिवासी व्यक्तीला बोलावून ‘आमचं स्वागत करा’ म्हणणं म्हणजे कोल्हापूरच्या माणसाकडून रत्नागिरीतल्या घराचा उंबरा ओलांडायची परवानगी मागण्यासारखं आहे. ज्येष्ठांना बोलवायचं असेल तर मिसिसागाज ऑफ द क्रेडिट राष्ट्राच्या कार्यालयाकडे किमान तीन महिने आधी लिहा. कार्यक्रम कसला, किती वेळाचा, मानधन किती आणि ने-आण कोण करणार, हे पहिल्याच पत्रात यायला हवं.

मजकूर चार-पाच वाक्यांचा पुरे. कोणाची भूमी, कोणता करार, पुढे काय झालं आणि आपली संस्था या वर्षी काय करते आहे, एवढं त्यात हवं. ‘पुढे काय झालं’ हा भाग सगळे गाळतात. याच राष्ट्राला 1847 मध्ये क्रेडिट नदीचा काठ सोडून हेगर्सव्हिलजवळ जावं लागलं. टोरंटोच्या जमिनीच्या दाव्याचा निकाल 2010 मध्ये लागला आणि 14 कोटी 50 लाख डॉलर मिळाले. शेवटचं वाक्य लिहिता येत नसेल, म्हणजे संस्था या वर्षी काहीच करत नसेल, तर आधी ते ठरवा आणि मग मंचावर जा. उच्चार त्या राष्ट्राच्या संकेतस्थळावरच्या ध्वनिफितीवरून बसवा आणि वाचणाऱ्याकडून दोनदा म्हणवून घ्या.

जाता जाता एक सांगतो. सकाळी क्रेडिट नदीत प्लॅस्टरची मूर्ती सोडायची आणि संध्याकाळी मंचावर त्याच नदीच्या लोकांचं नाव आदराने घ्यायचं, हे जमणार नाही. शाडूची मूर्ती आणि घरचं टबातलं विसर्जन हा त्या निवेदनाचाच भाग समजा.

मी एका मध्यम आकाराच्या नृत्यसंस्थेच्या संचालक मंडळावर आहे. सलोखा समितीचं अध्यक्षपद माझ्याकडे आलं आहे. आमच्यात एकही आदिवासी सदस्य नाही. पहिल्या वर्षात काय करावं? — वाचक, टोरंटो

अंदाजपत्रकात एक ओळ घाला, इथून सुरुवात करा. तिला नाव, रक्कम आणि खर्चाचा अधिकार कोणाचा हे तिन्ही जोडा. हे नसताना बोलावलेली समिती चहा पिऊन, आराखडा लिहून घरी जाते. अशा आराखड्यांनी भरलेली कपाटं बऱ्याच संस्थांत आहेत.

मग तीन-चार महिने आतलं काम. आजवर तुमच्या संस्थेने कोणत्या आदिवासी कथा, पोशाख, सूर वापरले, कुणाला विचारून, किती पैसे देऊन, हे कागदपत्रांतून काढा. जुन्या स्मरणिका, करार, देणगीपत्रं, सगळं. उत्तर ‘विचारलंच नव्हतं’ असं निघालं तर तसंच लिहून ठेवा. आयोगाच्या नावात सत्य आधी आणि सलोखा नंतर आहे, तो क्रम संस्थेनेही पाळायचा. कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण याच काळात उरका. बाहेरून येणाऱ्या आदिवासी सल्लागाराला निवासी शाळा म्हणजे काय इथपासून शिकवायला लावू नका.

सल्लागार मंडळ नेमाल तेव्हा एकटी व्यक्ती कधीच घेऊ नका. निदान दोघं, शक्यतो तिघं, आणि वेगवेगळ्या राष्ट्रांचे. एकटा माणूस ‘सगळ्या आदिवासींचं मत काय’ या प्रश्नाला उत्तर देत बसतो आणि वर्षभरात सोडून जातो. वर्षाला चार बैठका धरा. मानधन बैठकीचं द्या, वाचनाच्या तयारीचं द्या, प्रवासाचंही द्या. मंडळाने ‘नाही’ म्हटलं तर कोणता निर्णय थांबतो, हे नियमावलीत लिहा. काहीच थांबत नसेल तर ते सल्लागार मंडळ शोभेचं आहे, आणि आलेल्या माणसांना ते दुसऱ्या बैठकीत कळतं.

नोकरभरतीतही हाच घोळ असतो. एका अनुदानावर एक वर्षाचं कंत्राटी पद काढतात, त्याला भारदस्त नाव देतात आणि ती व्यक्ती तिसऱ्या पायरीवरच्या व्यवस्थापकाला उत्तरदायी असते. पद कायम हवं, कार्यकारी संचालकाच्या थेट हाताखाली हवं आणि खर्चावर सही करण्याचा अधिकार हवा. ओटावाच्या नॅशनल आर्ट्स सेंटरने 2019 मध्ये आदिवासी रंगभूमीचा विभाग सुरू केला तो इंग्रजी आणि फ्रेंच रंगभूमीच्या बरोबरीने. केविन लोरिंग हे त्याचे कला दिग्दर्शक होते आणि हंगाम तेच ठरवत. तुमची संस्था एवढी मोठी नसेल, पण वर्षातल्या सहा कार्यक्रमांपैकी एकाची निवड पूर्णपणे दुसऱ्याच्या हाती देणं कुठल्याही संस्थेला जमतं.

निधीबद्दल एक इशारा. कलांना सरकारी निधी देणाऱ्या कॅनडा कौन्सिलचा ‘क्रिएटिंग, नोइंग अँड शेअरिंग’ हा कार्यक्रम आदिवासी कलावंत आणि संस्थांसाठी आहे. तुमच्या प्रकल्पाला आदिवासी भागीदाराचं नाव लावून तो पैसा आपल्याकडे वळवण्याची कल्पना कुणीतरी मांडेलच. ती तिथेच थांबवा. तुम्ही तुमच्या नेहमीच्या निधीतून अर्ज करा आणि त्यातून भागीदाराला पैसे द्या.

ज्येष्ठांना मानधन देताना आमच्या हिशेबनिसांनी विक्रेता नोंदणीचा फॉर्म भरून मागितला आणि ‘तीस दिवसांत पैसे’ असं सांगितलं. ज्येष्ठ नाराज झाले असावेत. शिवाय त्यांना धुराचा विधी करायचा होता, तो इमारतीने नाकारला. दोन्ही कसं टाळायचं? — वाचक, मिसिसागा

पैसे त्याच दिवशी, पाकिटात, हातात. हे जमवण्यासाठी कोशाध्यक्षांशी निमंत्रणाच्याही आधी बोला आणि ज्येष्ठांच्या मानधनाचं दोन परिच्छेदांचं धोरण मंजूर करून घ्या. दर किती, पावतीऐवजी कोणाची सही चालेल, कराच्या कागदपत्रांचं काय, हे सगळं त्यात लिहा. फॉर्म भरायचाच असेल तर तो तुमच्या माणसाने आधी फोनवर विचारून भरून ठेवावा. दर ठरवताना हिशेब सोपा आहे. बाहेरच्या नामवंत वक्त्याला अर्ध्या दिवसाचे जेवढे देता त्याहून कमी नको. ज्येष्ठांबरोबर येणाऱ्या मदतनिसाचं जेवण, गाडी आणि मुक्कामही धरा.

अनिशिनाबे ज्येष्ठांना (मिसिसागाज त्यांच्यातलेच) विनंती करताना तंबाखू देण्याची रीत आहे. कापडाच्या छोट्या पुरचुंडीत सुटी तंबाखू बांधतात, ती पुढे धरून विनंती सांगतात आणि त्यांनी ती घेतली म्हणजे विनंती स्वीकारली. म्हणून ती विनंतीच्या वेळी द्यायची, कार्यक्रम संपल्यावर भेटवस्तू म्हणून नाही. ही रीत सगळीकडची नाही. इन्युइटांकडे कुडलिक नावाचा दगडी दिवा लावतात, तंबाखूचा संबंध नाही. वायव्य किनाऱ्यावरच्या राष्ट्रांच्या रीती आणखी वेगळ्या. ज्यांना बोलावताय त्यांच्याच कार्यालयात विचारा.

आता धूर. सेज, देवदार, स्वीटग्रास किंवा तंबाखू जाळून शुद्धी करतात. ओंटारिओच्या धूम्रपानबंदी कायद्यात आदिवासींच्या पारंपरिक तंबाखू-वापराला सूट आहे, त्यामुळे ‘कायद्याने बंदी आहे’ हे इमारतीचं उत्तर बहुधा खरं नसतं. खरी अडचण असते ती अलार्मची. किमान तीन दिवस आधी व्यवस्थापकाला लेखी कळवा. त्या खोलीचा धूरशोधक बंद करणं पुरेसं नाही. हवा परत ओढणाऱ्या डक्टमध्येही शोधक असतो आणि नेहमी तोच वाजतो. मग सगळी इमारत रस्त्यावर आणि ज्येष्ठ अपराध्यासारखे उभे. म्हणून तो भाग अलार्मच्या मुख्य फलकावरून तात्पुरता वेगळा करायला लावा, अलार्म कंपनीला वेळ कळवा, तेवढा वेळ आग बघायला एक माणूस उभा करा, दम्याच्या लोकांसाठी दारावर सूचना लावा. विधीनंतर यंत्रणा पुन्हा चालू झाल्याची नोंद करून घ्या, ते हमखास विसरलं जातं.

तारखेचंही बघा. 30 सप्टेंबर हा 2021 पासून सत्य आणि सलोख्याचा राष्ट्रीय दिवस आहे आणि 21 जून हा आदिवासी दिवस. या दोन दिवशी सगळ्या संस्थांना तीच दहा माणसं हवी असतात. शिवाय 30 सप्टेंबर हा त्यांच्यातल्या अनेकांसाठी शोकाचा दिवस आहे, मंचावर उभं राहण्याचा नव्हे. फेब्रुवारीत बोलवा, हॉल स्वस्त मिळतो आणि माणसं निवांत भेटतात.

मी एका छोट्या शहरातल्या संग्रहालयात काम करते. आमच्याकडे शंभर वर्षांपूर्वी देणगीत आलेले मुखवटे आणि मण्यांचं काम आहे. ते परत करावं असं नव्या संचालकांचं मत आहे, पण सुरुवात कुठून करायची कळत नाही. — वाचक, ब्रिटिश कोलंबिया

तुमच्या प्रांतात या प्रश्नाचा इतिहास मोठा आहे. इंडियन अ‍ॅक्ट म्हणजे आदिवासींवरचा कॅनडाचा कायदा. त्यातल्या दुरुस्तीने 1885 पासून 1951 पर्यंत पॉटलॅच या किनाऱ्यावरच्या राष्ट्रांच्या दानाच्या समारंभावर बंदी होती. 1921 मध्ये व्हिलेज आयलंडवर झालेल्या पॉटलॅचनंतर लोकांना अटक झाली आणि मुखवटे जप्त होऊन ओटावा, टोरंटो, न्यूयॉर्कपर्यंत पांगले. ‘देणगी’ या शब्दावर विश्वास ठेवण्याआधी देणगीदार कोण होता ते बघा. मिशनरी, इंडियन एजंट (आदिवासींवर नेमलेला सरकारी अधिकारी) किंवा पोलिस असेल तर ती वस्तू कशी हाती आली याचा अंदाज बांधायला फार हुशारी लागत नाही.

पहिलं काम यादीचं. जुन्या कार्डांवर राष्ट्राचं नाव चुकीचं किंवा नुसतंच ‘पश्चिम किनारा’ असं असतं. वस्तू, मिळाल्याचं वर्ष, देणारा आणि कार्डावरचा शब्दशः मजकूर, एवढं एका तक्त्यात घ्या. मानवी अवशेष आणि विधीच्या वस्तूंचे फोटो काढून संकेतस्थळावर टाकू नका. काही वस्तू बघण्याचाच अधिकार मर्यादित असतो. हॉडेनोशोनी या राष्ट्रसंघाचे औषधी मुखवटे प्रदर्शनातच नव्हे तर फोटोतही दाखवायचे नसतात. संबंधित राष्ट्राला आधी नुसती यादी पाठवा आणि फोटो हवेत का, कोणाला, ते विचारा. मागणी येण्याची वाट बघू नका. तुमच्याकडे काय आहे हे त्यांना माहीत नसेल तर ते मागणार तरी काय?

बोलायचं कोणाशी, हा अवघड भाग. इंडियन अ‍ॅक्टखाली निवडून आलेली कौन्सिल एक आणि वंशपरंपरेने येणारे प्रमुख, कुळं, धार्मिक विधी करणारी मंडळं दुसरी. मुखवटा बहुधा एखाद्या कुटुंबाचा किंवा घराण्याचा हक्क असतो. दोन्हीकडे लिहा आणि दोन्हींना एकमेकांना लिहिल्याचं कळवा. दोन दावे आले तर पंच बनू नका. निर्णय त्यांच्यात होईपर्यंत वस्तू सांभाळा आणि त्यांच्या बैठकीचा खर्च द्या. हैडा ग्वाई संग्रहालय आणि रॉयल बीसी म्युझियम यांनी 2019 मध्ये काढलेली परत-आणण्याची पुस्तिका या टप्प्यावर फार उपयोगी आहे. ती आदिवासी समाजांसाठी लिहिली आहे आणि म्हणूनच संग्रहालयवाल्यांनी वाचावी.

यानंतरची गोष्ट लहान संग्रहालयांत सर्रास राहून जाते: विष. साधारण 1970च्या दशकापर्यंत कीड लागू नये म्हणून पिसं, कातडी, लोकरीच्या वस्तूंना आर्सेनिक आणि पाऱ्याची संयुगं चोळत, पुढे डीडीटी वगैरेही मारत. काचेच्या कपाटात ते कुणाला बाधलं नाही. घरी गेलेला मुखवटा मात्र तोंडावर चढवून नाचायचा असतो. हातात धरायच्या क्ष-किरण प्रतिदीप्ती यंत्राने आर्सेनिक आणि पारा वस्तूला न खरवडता कळतो. एकाच जागी नेम धरू नका. मुखवट्याची आतली बाजू, तोंडाला टेकणारी कड, दोऱ्या, केस असे अनेक बिंदू घ्या. डीडीटीसारखी सेंद्रिय विषं या यंत्राला नीट कळत नाहीत, त्यासाठी प्रयोगशाळेतली वेगळी तपासणी लागते. ओटावाच्या कॅनेडियन कॉन्झर्व्हेशन इन्स्टिट्यूटला विचारा. निकाल सोप्या भाषेत लिहून वस्तूबरोबर द्या. विष निघालं म्हणून वस्तू रोखून धरायची नाही, काय करायचं ते त्यांनी ठरवायचं.

कायद्याची बाजू दोन ठिकाणी अडते. वस्तू सांस्कृतिक मालमत्ता म्हणून प्रमाणित करून घेतली असेल आणि त्याला दहा वर्षं झाली नसतील, तर नियुक्त संस्थेखेरीज इतरांना दिल्यास बाजारभावाच्या 30 टक्के कर संग्रहालयावर बसतो. शंभर वर्षांपूर्वीच्या देणगीला हे बहुधा लागू नाही, पण अलीकडे आलेल्या वस्तूंची कागदपत्रं तपासा. दुसरं, तुम्ही नोंदणीकृत धर्मादाय संस्था असाल तर घेणारी बाजू करखात्याच्या नियमांत बसते का, ते वकिलाकडून एका पानावर लिहून घ्या. मग विश्वस्तांचा ठराव करा, वस्तू संग्रहातून कमी केल्याची नोंद करा आणि मालकी सोडल्याचं पत्र द्या.

अटी मात्र घालू नका. जप्त पॉटलॅच संग्रहातला राष्ट्रीय संग्रहालयाचा भाग परत मिळाला तो ‘आधी संग्रहालय बांधा’ या अटीवर. म्हणून 1979 मध्ये केप मज आणि 1980 मध्ये अ‍ॅलर्ट बे इथे संग्रहालयं उभी राहिली. अ‍ॅलर्ट बेचं उमिस्ता केंद्र आज दिमाखात चालतं हे खरं, पण ज्याची वस्तू हिसकावून नेली त्याला ती ठेवायला जागा आहे का, असं विचारण्याचा अधिकार नेणाऱ्याला नसतो. आर्द्रता इतकी ठेवा, प्रदर्शनात मांडा, वापरू नका, यातलं काहीही पत्रात येऊ देऊ नका. फोटो, ध्वनिमुद्रणं, त्रिमिती प्रती आणि तुमच्या फायली यांच्यावर हक्क कोणाचा, तेही त्याच वेळी ठरवा. वस्तू परत गेली आणि तिच्या प्रतिकृती दुकानात विकायला राहिल्या, तर काय परत केलं?

वेळेचा अंदाज हवा असेल तर तुमच्याच प्रांतातल्या निस्गा राष्ट्राचा नीस्जूल स्मृतिस्तंभ बघा. 1929 मध्ये नेलेला हा स्तंभ मागायला त्यांचे प्रतिनिधी ऑगस्ट 2022 मध्ये एडिंबराच्या संग्रहालयात गेले आणि सप्टेंबर 2023 मध्ये तो घरी पोचला. एक वर्षात झालं म्हणजे वेगाने झालं. खर्चाचा मोठा भाग वस्तूचा नसतो, माणसांचा असतो: बघायला येणाऱ्यांचा प्रवास, घेऊन जायला येणाऱ्यांचा प्रवास, समारंभ, जेवण. संघराज्य सरकारच्या म्युझियम्स असिस्टन्स प्रोग्रॅममधल्या आदिवासी वारसा विभागातून यासाठी अनुदान मिळू शकतं.

आमची नाट्यसंस्था निवासी शाळांवर नाटक बसवते आहे. संहिता अभ्यास करून लिहिली आहे, कलाकार आमचेच आहेत. हेतू चांगला असताना आक्षेप का यावा? — वाचक, माँट्रियल

माँट्रियलमध्ये राहून हा प्रश्न पडावा याचं आश्चर्य वाटतं. 2018 मध्ये दिग्दर्शक रॉबेर लपाज आणि पॅरिसची नाट्यसंस्था थिएटर द्यू सोले यांच्या ‘कानाटा’ नाटकात एकही आदिवासी कलाकार नव्हता. आदिवासी कलावंतांनी ‘ल दव्वार’ या दैनिकात खुलं पत्र लिहिलं, सहनिर्माते बाहेर पडले आणि शेवटी पॅरिसला बदललेलं नाटक झालं. तिथेही अभ्यास होता, हेतू होता. पत्रातला मुद्दा साधा होता: आमच्याबद्दल बोलताय तर आम्ही कुठे आहोत?

त्यामुळे तालीम थांबवा. संहिता आदिवासी नाटककाराबरोबर नव्याने लिहायची, की त्यांचंच तयार नाटक घ्यायचं, हे आधी ठरवा. करारात कथेचा हक्क संस्थेकडे न जाता ठरावीक प्रयोगांपुरती परवानगी असावी. संमतीचे तीन थांबे वेळापत्रकात लिहा: संहिता पुरी झाल्यावर, पहिल्या सलग तालमीनंतर आणि तांत्रिक तालमीच्या आधी. शेवटच्या थांब्यावर बदल करायला दोन आठवडे राखा. प्रयोगाच्या वेळी हॉलबाहेर समुपदेशक आणि एक शांत खोली हवी. प्रेक्षकांत त्या शाळांतून वाचलेली माणसं असतात.

संग्रहालयाच्या दुकानात आदिवासी नक्षीच्या वस्तू ठेवायच्या आहेत. अस्सल कशा ओळखायच्या? — वाचक, कॅल्गरी

कलावंताचं नाव, राष्ट्र आणि परवान्याचे पैसे कोणाला जातात, हे तिन्ही विक्रेत्याला लेखी विचारा. एकाचंही उत्तर गुळमुळीत आलं तर घेऊ नका. इन्युइट शिल्पांना 1958 पासून इग्लू टॅग ही अस्सलपणाची चिठ्ठी लागते, ती आता इन्युइट आर्ट फाउंडेशन सांभाळतं. चित्रांच्या बाबतीत दुप्पट सावध राहा. अनिशिनाबे चित्रकार नॉरव्हल मॉरिसो यांच्या नावाने वर्षानुवर्षं बनावट चित्रं रंगवली गेली आणि 2023 मध्ये पोलिसांनी आठ जणांवर आरोप ठेवले. ती चित्रं प्रतिष्ठित भिंतींवरही लागली होती, तेव्हा ‘अमुक दालनात होतं’ हा पुरावा धरू नका. वस्तू शक्यतो रोख विकत घ्या. ‘विकलं तर पैसे’ या पद्धतीत सगळा धोका कलावंताच्या माथी जातो.

हे सगळं कॅनडाचं झालं. आमच्याकडे वारली कलावंतांना बोलावून महोत्सव करतो, त्याला यातलं काय लागू पडतं? — वाचक, नाशिक

मानधन आणि परवानगी, दोन्ही जसंच्या तसं लागू पडतं. आदिवासींच्या हक्कांवरच्या 2007च्या संयुक्त राष्ट्रांच्या जाहीरनाम्यावर कॅनडाने विरोधात मत दिलं होतं आणि भारताने बाजूने, हे लक्षात असू द्या. वारली चित्रकलेला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, तरी ‘वारली प्रिंट’चे कुर्ते आणि कॉफीचे मग कुणालाही न विचारता छापले जातात. महोत्सवाच्या पिशव्यांवर नक्षी हवी असेल तर ती रेखाटणाऱ्याला रेखाटनाचे वेगळे आणि छपाईच्या प्रतींचे वेगळे पैसे द्या आणि पिशवीवर नाव घाला. लग्नाचा चौक हे विधीचं चित्र आहे. तो सवाष्णी लिहितात, धवलेरी म्हणजे लग्न लावणारी बाई गाते, पालघट देवी त्यात येते. व्यासपीठाच्या मागच्या पडद्यावर तोच चौक हवा असा आग्रह धरण्याआधी गावातल्या धवलेरीला विचारा. ती नको म्हणाली तर दुसरं चित्र मागा. शेताची, नाचाची, तारपा वाजवणाऱ्याची चित्रं ते आनंदाने काढून देतात.